ठाण्याचं जेल, अंजूरचे नाईक आणि चिमाजी अप्पा

ठाणे : जमिनीच्या तारखेला ठाणे कोर्टात जाणाऱ्याला सेंट्रल जेलची दगडी भिंत ओळखीची आहे. तो मुळात किल्ला. पोर्तुगीज तो बांधत होते आणि काम अर्धवट असतानाच मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला. मोहिमेचे सेनापती होते चिमाजी अप्पा, थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ.

अप्पांचा जन्म १७०७ चा. तब्येत नाजूक, छातीच्या दुखण्याने बेजार. भाऊ घोड्यावर मुलूख मारत फिरायचे, तेव्हा पुण्यात पैसा, माणसं आणि घरची पोरं अप्पा सांभाळायचे. नाव भावाचं झालं, पण त्याचं वाईट त्यांनी कधी वाटून घेतलं नाही.

दुसऱ्याचं ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. आपल्या भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक साष्टी सोडवा म्हणून कित्येक वर्षं पेशव्यांकडे खेटे घालत होते. खाडीची भरती-ओहोटी घाटावरच्या माणसाला काय कळणार? ती इथल्याच लोकांना ठाऊक. त्यांना हाताशी धरूनच ठाणं पडलं.

वसई मात्र सहज पडली नाही. पहिल्या वर्षी हल्ले फसले. १७३८ च्या शेवटी अप्पा पुन्हा कोकणात उतरले, आधी माहीम, तारापूर घेतलं आणि मग वसईला वेढा घट्ट केला. तटाखाली सुरुंग खणले. एक सुरुंग वेळेवर उडाला नाही, माणसं पुढे घुसली आणि मग तो उडाला. आपलीच माणसं मेली. अशा वेळी फौज माघारी फिरते, पण इथे फिरली नाही, कारण सेनापती स्वतः छावणीत होता. वज्रेश्वरीला केलेला नवस याच वेढ्यातला, देऊळ त्यांनी नंतर बांधून दिलं.

मे १७३९ मध्ये वसईने निशाण टाकलं. हजारो माणसं गमावलेली, रागाला कारण होतं. तरी अप्पांनी पोर्तुगीज शिपायांना हत्यारांसह आणि बायकापोरांना सामानासह जाऊ दिलं. जे ख्रिस्ती मागे राहिले त्यांच्या धर्माला हात लावायचा नाही, असं करारात लिहून दिलं. लढाई जिंकणारे पुष्कळ, जिंकल्यावर हात आवरणारे थोडे.

एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले. त्याच वर्षी डिसेंबरात अप्पाही गेले, वय जेमतेम ३३. पुण्यात ओंकारेश्वराच्या आवारात त्यांची समाधी आहे. मुलगा सदाशिव तेव्हा १० वर्षांचा होता, पुढे पानिपतावर गेलेले सदाशिवरावभाऊ ते हेच.