डॉ. रिव्हा-रोची आणि दंडावरचा पट्टा

डॉक्टर दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात, हे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. हा पट्टा आपल्याला दिला इटलीच्या डॉ. शिपिओने रिव्हा-रोची यांनी.

त्यांचा जन्म १८६३ साली पिएमाँत प्रांतातील आल्मेसे गावी झाला. १८८८ साली तुरिन येथे ते डॉक्टर झाले व क्षयरोगतज्ज्ञ डॉ. फोर्लानिनी यांच्या हाताखाली काम करू लागले. त्या काळी दाब अचूक मोजायचा तर रोहिणी उघडून नळी घालावी लागे. बाहेरून मोजणारी यंत्रे होती, पण त्यांचा भरवसा नसे. १८९६ साली रिव्हा-रोचींनी सोपा मार्ग काढला. दंडाभोवती रबरी पट्टा बांधायचा, त्यात हवा भरायची, मनगटाची नाडी लागेनाशी झाली की नळीतल्या पाऱ्याची उंची वाचायची. रुग्णाला जखम नाही की इजा नाही!

१९०१ साली अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी पाव्हिया येथे हे यंत्र पाहिले आणि ते बाल्टिमोरला नेले. १९०५ साली रशियाच्या डॉ. कोरोत्कोव्ह यांनी त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली, तेव्हा खालचा आकडाही कळू लागला. रिव्हा-रोची मात्र १९०० पासून १९२८ पर्यंत वारेसे गावच्या इस्पितळात रुग्णसेवा करीत राहिले. १९३७ साली त्यांचे निधन झाले.

आज पारा मागे पडत चालला आहे, पट्टा टिकून आहे. बंधुभगिनींनो, वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो घात करतो. बरे वाटत असले तरी तो मोजून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सोबत न्या.