सही गमावलेला चित्रकार

भिंतीवर टाचणीने लावायचे सुंदरीचे चित्र म्हणजे ‘पिन-अप’. या चित्रांना नाक मुरडणाऱ्यांनीही आल्बेर्तो वार्गासचे चरित्र वाचावे, असे मला वाटते.

१८९६ साली पेरू देशातील आरेकिपा शहरी एका छायाचित्रकाराच्या घरी त्याचा जन्म झाला. रंगाचा बारीक फवारा उडवणारा एअरब्रश त्याला वडिलांमुळे परिचित झाला. १९१६ मध्ये तो अमेरिकेत आला व पुढे ‘झीगफेल्ड फॉलीज’मधील नटींची चित्रे काढू लागला. १९४० मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकाने त्याला घेतले. पण आडनावातील शेवटचा ‘स’ गाळून ‘वार्गा’ अशी सही ठरवली. महायुद्धात सैनिकांनी त्याच्या सुंदरी बराकीत लावल्या, बाँबफेकी विमानांवर रंगवल्या.

१९४४ च्या करारावर त्याने विश्वासाने, न वाचताच सही केली. १९४६ मध्ये वाद कोर्टात गेला आणि अखेर तो हरला. ‘वार्गा’ हे नाव मासिकाचेच ठरले. पुढे ‘प्लेबॉय’ने त्याला हात दिला, तेव्हा चित्राखाली पूर्ण ‘वार्गास’ उमटले. १९८२ मध्ये तो वारला.

घरापासून दूर पडलेल्या माणसाला ही चित्रे सोबत वाटली, हे त्यांच्या लोकप्रियतेचे मर्म. मी मात्र आता आधी कोपऱ्यातली सही पाहतो. हात ज्याचा, नाव त्याचेच असावे, एवढ्यासाठी एका माणसाला किती झगडावे लागले!