कुर्दांना लिपी देणारा राजपुत्र : जेलादत बेदिरखान

तुर्कस्तान, इराण, इराक व सीरिया या चार देशांत विखुरलेल्या कुर्द लोकांना आजही स्वतःचे राज्य नाही. त्यांच्या एका थोर सुपुत्राची ही जीवनकथा.

जेलादत अली बेदिरखान यांचा जन्म 1893 साली झाला. त्यांचे आजोबा बेदिरखान बेग हे बोहतानचे अमीर होते. 1847 मध्ये तुर्की सुलतानाने त्यांचे राज्य बुडविले आणि घराण्याच्या नशिबी वनवास आला.

पहिल्या महायुद्धानंतर 1920 च्या सेव्ह्र तहाने कुर्दांना स्वातंत्र्याची आशा दाखविली. परंतु मुस्तफा केमाल यांचे बळ वाढले व 1922 मध्ये जेलादत आणि त्यांचे धाकटे बंधु कामुरान यांनी जर्मनीचा आश्रय घेतला. कामुरान लाइपझिग येथे कायद्याचे डॉक्टर झाले. जेलादत म्युनिकला राहिले. 1923 च्या अखेरीस जर्मनीत एका पावाला अब्जावधी मार्क पडत. अशा ओढाताणीतही ते नेमाने रोजनिशी लिहीत. त्याच वर्षी लोझान येथे नवा तह झाला. त्यात कुर्दांचे नावदेखील नव्हते.

1927 मध्ये लेबनॉनात स्थापन झालेल्या 'खोयबुन' संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. तिच्या पाठिंब्याने अरारात डोंगरात झालेला उठाव तुर्की सैन्याने 1930 मध्ये मोडून काढला. मग जेलादत यांनी दुसरे कार्य हाती घेतले. 15 मे 1932 रोजी दमास्कस येथे त्यांनी 'हावार', म्हणजे 'हाक', हे नियतकालिक काढले. त्यातून कुर्द भाषेसाठी 31 रोमन अक्षरांची लिपी रूढ केली, व्याकरण मांडले, लोकगीते व म्हणी छापल्या. 1943 पर्यंत 57 अंक निघाले. 1951 मध्ये दमास्कसजवळ विहिरीवरील अपघातात त्यांचे निधन झाले.

2017 मध्ये इराकी कुर्दिस्तानात 92 टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. पण बगदाद, तुर्कस्तान व इराण तिघेही विरुद्ध उभे राहिले आणि काही आठवड्यांतच किर्कुक शहर कुर्दांच्या हातून गेले. राज्य दूरच राहिले. मात्र जेलादत यांची लिपी टिकली. आज जर्मनीत लाखो कुर्द राहतात, आणि तेथील मुलेही तीच अक्षरे गिरवितात. 15 मे हा दिवस कुर्द भाषा दिन म्हणून पाळला जातो.

आपले पूर्वज या बेटावर आले तेव्हा त्यांच्या गाठोड्यात राज्य नव्हते, भाषा होती. आज आपल्या घरात मुले आजीशी कोणत्या भाषेत बोलतात, याचा विचार प्रत्येक आईबापाने करावा.