दामोदर ते सीना : बाबासाहेबांची जलनीती

दरवर्षी १४ एप्रिलला आमच्या वस्त्यावस्त्यांतून जयंतीच्या मिरवणुका निघतात. व्यासपीठावरून महाडचे बाबासाहेब सांगितले जातात, घटनाकार बाबासाहेब सांगितले जातात. ते सांगितलेच पाहिजेत. पण या देशाच्या नद्या, धरणे आणि वीज यांच्या नियोजनाचा पाया घालणाऱ्या बाबासाहेबांविषयी आम्ही किती बोलतो?

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न या देशापुढे उभा केला. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी ते आमच्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. त्यानंतर दीडच वर्षात, जुलै १९४२ मध्ये, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. तळ्याच्या पाण्यासाठी ज्याला सत्याग्रह करावा लागला, त्याच्याच हाती आता देशाच्या पाण्याची धोरणे आली होती!

जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीने बांध फोडला. रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रस्ता तुटला. एकीकडे महायुद्ध, दुसरीकडे बंगालचा भीषण दुष्काळ. तोपर्यंत पुरावरचा सरकारी उपाय एकच होता, तो म्हणजे काठाचे बांध उंच करायचे. बाबासाहेबांना हे मान्य नव्हते. जास्त पाणी हे संकट नसून संपत्ती आहे, ते साठवले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचा नमुना त्यांच्यासमोर होता. एकाच धरणमालिकेतून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक साधायची आणि संपूर्ण खोऱ्याचा कारभार एका जबाबदार संस्थेकडे द्यायचा. जमीन बिहारची बुडणार आणि पूर बंगालचा टळणार, म्हणून प्रांतांचे एकमत कठीण होते. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी त्यांना एकत्र बसवले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटकमध्ये ओरिसाच्या नद्यांची परिषद झाली.

स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योग वाढल्याशिवाय दारिद्र्य हटणार नाही, हे त्यांचे ठाम मत होते. म्हणूनच त्यांच्या कारकिर्दीत १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५ साली आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वसंस्था उभी राहिली. १९४६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा ते कायदामंत्री होते. पुढे राज्यघटनेत आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांसाठी २६२ वे कलम आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि अवघ्या ३८ दिवसांनी, १३ जानेवारी १९५७ रोजी, महानदीवरील हिराकूड धरणाचे उद्‌घाटन झाले.

ही धरणे आता म्हातारी झाली आहेत. तिलैया १९५३ चे, कोनार १९५५ चे, मैथन १९५७ चे, पंचेत १९५९ चे. जलाशयांत गाळ साचला आहे. हवामान बदलले आहे. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो. हिराकूडच्या सांडव्यातून जेवढा पूर सुरक्षित जाईल असे तेव्हा गृहीत धरले होते, त्याहून मोठा पूर येऊ शकतो, असे फेरगणितात दिसल्यामुळे जादा सांडव्याचे काम हाती घ्यावे लागले. दामोदरच्या मूळ आराखड्यात आठ धरणे होती, महामंडळाने बांधली फक्त चार. खोऱ्याचा एकत्र विचार कागदावरच राहिला. म्हणूनच सप्टेंबर २०२४ च्या पुरातही विसर्गाचा दोष कोणाचा, यावर बंगाल सरकार आणि महामंडळ भांडत होते. विस्थापितांची तर कथाच वेगळी! हिराकूडने एक लाखाहून अधिक माणसे उठवली. त्यांच्या त्यागावर इतरांची घरे उजळली.

मूळ पेच असा आहे की, विजेसाठी धरण भरलेले हवे आणि पूर अडवण्यासाठी ते रिकामे हवे. पुरासाठी राखलेली जागा विजेच्या किंवा पाण्याच्या हव्यासाने आधीच भरून टाकली, तर मोठा पाऊस येताच दरवाजे एकदम उघडावे लागतात. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममध्ये हिमसरोवर फुटले आणि चुंगथांगचे तीस्ता-३ धरण वाहून गेले. ते धरण तर जुनेही नव्हते!

आमच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी वीज करणारी धरणे नाहीत, सिंचनाची आहेत. पण पाऊस धरणाची जात विचारत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत पाणी असे शिरले की, माणसांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. नदीकाठी, ओढ्याकाठी, गावाच्या सखल भागात कोणाच्या वस्त्या असतात? ज्यांना गावाने वर जागा दिली नाही, त्यांच्या!

धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. प्रत्येक मोठ्या धरणाचा आपत्कालीन कृती आराखडा आणि तज्ज्ञांकडून सर्वंकष तपासणी पाच वर्षांच्या आत झाली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. सीना-कोळेगावचा, निम्न तेरणाचा आराखडा आहे काय? त्यात आमच्या वस्त्यांची नावे आहेत काय? इशारा मध्यरात्री कोण देणार? माहिती अधिकाराचा एक अर्ज लिहायला किती वेळ लागतो? प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी तो लिहावा, ग्रामसभेत वाचावा, असे आमचे आवाहन आहे.

बाबासाहेबांनी धरण म्हणजे नुसती भिंत मानली नाही. त्यांच्यासाठी ती संपूर्ण खोऱ्यातील माणसांची जबाबदारी होती. भिंत दुरुस्त करणे अभियंत्यांचे काम आहे, पण जबाबदारीचा जाब विचारणे हे आमचे काम आहे. ते आम्ही केले नाही, तर जयंतीचा जयघोष पोकळच ठरेल.

जयभीम!