एकांतासाठी बांधलेले घर

मुंबईने लाखो माणसांना काम दिले आणि डोक्यावर छप्परही दिले. एकांत मात्र तिने मोजक्यांनाच दिला. गिरगाव, परळ आणि लालबागच्या चाळींनी मराठी समाजाला शेजारधर्म शिकविला, सणवार सांभाळले, संप आणि चळवळी उभ्या केल्या, याचे गुणगान पुष्कळ झाले आहे आणि ते अनाठायी नाही. परंतु त्याच चाळींत एका खोलीत आठ-दहा माणसे नांदत असताना एखाद्या मुलाने चार पाने सलग वाचावयाची कोठे, हा प्रश्न त्या गुणगानात सहसा येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्राकडे या एका प्रश्नाच्या अंगाने पाहिले, तर दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह या वास्तूला निराळाच अर्थ प्राप्त होतो. ते केवळ एका थोर पुरुषाचे निवासस्थान नव्हते. ज्याला आयुष्याची पहिली चाळीस वर्षे वाचण्यासाठी जागा शोधत फिरावे लागले, त्याने त्या शोधाला दिलेले ते उत्तर होते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीमराव सुभेदार रामजी सकपाळ यांच्याबरोबर साताऱ्याहून मुंबईस आला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. परळच्या गिरणी वस्तीतील डबक चाळीत कुटुंबाला एकच खोली मिळाली. स्वयंपाक, झोपणे, पाहुणा आणि अभ्यास, सारे त्या एका खोलीत. धूर, भांडी आणि सरपण यांच्या अडगळीत मुलाला पाय पसरण्यापुरतीही मोकळी जागा नव्हती. रामजींनी त्यावर उपाय शोधला तो मोठा करुण आणि तितकाच शहाणपणाचा होता. जागा वाढविता येत नव्हती म्हणून त्यांनी वेळ वाटून घेतला. मुलाला लवकर निजवावयाचे, स्वतः जागत बसावयाचे आणि पहाटे दोनच्या सुमारास त्याला उठवून त्याच अंथरुणावर आपण पडावयाचे. घर निजलेले असताना मिंमिणत्या दिव्यापाशी जे दोन-चार तास मिळत, तेवढीच त्या मुलाची अभ्यासिका होती.

दिवसाची अभ्यासिका त्याने गिरगावात शोधली. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. शाळेत संस्कृत नाकारले गेल्याने त्याला फारसी घ्यावी लागली होती; चारचौघांत बसताना जातीची आठवण करून देणारे कोणी ना कोणी भेटतच असे. सार्वजनिक बागेतील बाकाला मात्र जात विचारता येत नव्हती. याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर या व्यासंगी शिक्षकाची दृष्टी त्याच्यावर पडली. १९०७ मध्ये मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्याला भेट दिले आणि पुढे सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. एका बागेतील निवांत कोपऱ्याने किती मोठे काम केले, याचा हिशेब नगररचनेच्या कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

पुढे हे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहावयास गेले. १८९६ च्या प्लेगाने मुंबईच्या कोंदट वस्त्यांचे भीषण रूप उघडे केले, त्यानंतर १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला होता. हवा, उजेड आणि गटारे यांचा विचार त्याच्या चाळींत होता. एकट्याने बसण्याचा विचार नव्हता, आणि गिरणी कामगारांसाठी तो करावा असे कोणाच्या मनातही आले नसावे. परंतु आता सकपाळांकडे एकाऐवजी दोन खोल्या होत्या आणि त्यांपैकी एकीत पुस्तके ठेवता येत होती. परदेशातील वर्षे वगळली, तर १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे आंबेडकरांचा मुंबईतील पत्ता हाच राहिला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील निवर्तले. ज्यांनी स्वतःची झोप मोडून मुलाला शांतता दिली, त्यांना त्या शांततेचे फळ पाहावयास मिळाले नाही.

त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. विद्यापीठाचे ग्रंथालय तेव्हा लो लायब्ररीच्या भव्य घुमटाखाली होते. लंडनला गेल्यावर त्यांनी ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय गाठले. त्याचा घुमट १८५७ सालचा, आणि त्याखाली पूर्वी मार्क्ससारखे निर्वासित विद्वान बसून गेले होते. या दोन्ही वास्तू शहराच्या ऐन गजबजाटात उभ्या होत्या. तरीही त्यांची रचनाच अशी होती की आत पाऊल टाकताच रस्त्याचा कोलाहल मागे राहावा आणि वाचकाला त्याचे मेज, त्याचा दिवा व मागितलेले पुस्तक मिळावे. शांतता ही श्रीमंताच्या बंगल्यातच असते असे नव्हे. नगराला इच्छा असेल तर ती सर्वांसाठी बांधता येते, हे परळहून आलेल्या विद्यार्थ्याने तेथे प्रत्यक्ष पाहिले. दारे उघडल्यापासून बंद होईपर्यंत तो तेथे बसून राही तो केवळ परीक्षेसाठी नव्हे. इतकी वर्षे नाकारलेल्या वस्तूची ती भूक होती.

मायदेशी परतताना मात्र नियतीने दोन तडाखे दिले. १९१७ मध्ये, महायुद्ध चालू असताना, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जमविलेल्या त्यांच्या ग्रंथांच्या पेट्या घेऊन येणारे जहाज पाणतिराच्या माऱ्याने बुडाले. पाठोपाठ करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला राहावयास घर मिळेना. एका पारशी सराईत त्यांनी कसाबसा आसरा मिळविला, तर जात कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्या दिवशी बडोद्याच्या सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले. चर्नी रोडच्या बागेने मुलाला आसरा दिला होता. येथे बागेखेरीज दुसरा आसराच उरला नव्हता. एकांत आणि एकटे पाडले जाणे या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हे या दोन बागा शेजारी ठेवून पाहिले म्हणजे ध्यानात येते. पहिली अवस्था माणूस स्वतः निवडतो. दुसरी समाज त्याच्यावर लादतो.

१९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, १९२० मध्ये मूकनायक, नंतर पुन्हा लंडन, आणि १९२३ मध्ये बॅरिस्टर व डॉक्टर ऑफ सायन्स होऊन मुंबईस परत, असा क्रम झाला. परतल्यावर बिऱ्हाड तेच, परळची चाळ. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. परळच्या दामोदर हॉलमध्ये तिचे काम चाले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर तर त्यांच्या दाराशी माणसांची रीघ लागली. कोणाला गावात वाळीत टाकलेले असे, कोणाची जमीन बळकावलेली असे, कोणाला मुलाच्या शाळेसाठी चिठ्ठी हवी असे. ही माणसे त्यांचे कर्तव्य होती. आणि त्याच माणसांसाठी जे लिहावयाचे होते, त्याला लागणारी शांतता तीच माणसे नकळत हिरावून घेत होती. लोकनेत्याच्या आयुष्यातील हा पेच जुना आहे. बहुतेकांनी तो अभ्यास सोडून सोडविला. आंबेडकरांनी अभ्यास सोडला नाही.

१९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले. ज्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने परळची चाळ उभारली, त्याच ट्रस्टने दादर-माटुंग्याची ही नवी वसाहत आखली होती. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि इमारतींमध्ये मोकळी जागा, असे मध्यमवर्गासाठी कल्पिलेले ते नगर होते. गोलमेज परिषदा आणि १९३२ चा पुणे करार यांच्या धामधुमीचा तो काळ. तरी घराच्या आखणीत आंबेडकरांनी बारकाईने लक्ष घातले. घराचे प्रयोजन त्यांच्या मनात स्पष्ट होते. खाली कुटुंबाचा निवास आणि वरच्या मजल्यावर ग्रंथालय, अभ्यासिका व कचेरी. सामान्यतः लोक माणसांसाठी घर बांधतात आणि उरलेल्या कोपऱ्यात पुस्तके ठेवतात. येथे हा क्रम उलटा होता. जवळच त्यांनी चार मिनार नावाची दुसरी इमारत उभारली होती, ती पुढे विकली. ग्रंथांचे घर मात्र राखले.

घराला दिलेले नावही सहज सुचलेले नव्हते. राजगृह ही प्राचीन मगधाची राजधानी. तेथील राजा बिंबिसाराने बुद्धाला व भिक्षुसंघाला वेणुवन अर्पण केले, अशी कथा विनयपिटकात येते. जागा निवडताना राजाने केलेला विचार आजच्या वास्तुशास्त्रज्ञांनीही मनात ठेवावा असा आहे. ती नगरापासून फार दूर नसावी आणि फार जवळही नसावी. ज्याला यावयाचे त्याला येता यावे. दिवसा तेथे गर्दी नसावी आणि रात्री आवाज नसावा. चिंतनाला ती योग्य असावी. संसाराकडे कायमची पाठ फिरवणाऱ्या अरण्यवासाचे हे वर्णन नाही. लोकांत राहून, लोकांसाठी, काही काळ लोकांपासून बाजूला होण्याची ही व्यवस्था आहे. दादरचे स्थान या कसोटीला चांगलेच उतरते. परळच्या चाळीतला माणूस तेथे पायी येऊ शकत होता, आणि तरीही वरच्या मजल्यावर रात्री पुस्तक उघडता येत होते.

या घराला दुःखाचाही स्पर्श लवकर झाला. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. पती परदेशात असताना त्यांनी दारिद्र्यात संसार रेटला होता, चार अपत्यांचे मृत्यू सोसले होते आणि पती घरी असताना त्यांच्या वाचनाला व्यत्यय येऊ नये म्हणून जपले होते. एका माणसाच्या एकांताची किंमत घरातील दुसरे कोणी तरी मोजत असते. चरित्रकार ती बाजू अनेकदा दोन ओळींत आटोपतात. आंबेडकरांना तिची जाणीव होती. त्या आघातानंतर मुंडन करून, भगवी वस्त्रे धारण करून ते काही काळ विरक्तासारखे राहिले.

परंतु राजगृह विरक्तीचे स्थान झाले नाही. त्याच वर्षी ते सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि ऑक्टोबरात येवल्यास त्यांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. १९३६ मध्ये जातिसंस्थेच्या उच्छेदावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला, आणि १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावरील सविस्तर ग्रंथ आला. सभेतील त्यांच्या शब्दाला जी धार होती, ती अभ्यासिकेत चढविलेली होती. जो नेता कधीच एकटा बसत नाही, तो अखेर भोवतालच्या गर्दीचेच विचार तिला परत ऐकवितो. आंबेडकर गर्दीला न रुचणारे बोलू शकले, याचे एक कारण त्यांना गर्दीपासून दूर जाऊन विचार करण्याची जागा होती.

ही जागा त्यांनी स्वतःपुरती ठेवली असती, तर तिचे एवढे महत्त्व सांगण्याचे कारण नव्हते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून ते दिल्लीस गेले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि राजगृहातील ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग विद्यार्थ्यांसाठी तेथे गेला. सकाळच्या वर्गांमुळे कचेरीत कारकुनी करणाऱ्या तरुणांनाही तेथे शिकता येऊ लागले. मार्च १९४७ मध्ये संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी त्यांनी जे निवेदन तयार केले, त्यात माणसाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांना अकारण झडतीपासून संरक्षण असावे, असे कलम होते. अंतिम संविधानात ते स्वतंत्रपणे आले नाही. परंतु २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, तेव्हा त्या कलमामागील विचारालाच उशिरा का होईना मान्यता मिळाली. एकदा काठ्यांच्या धाकाने ज्याला खोली सोडावी लागली होती, त्याला घराच्या उंबरठ्याचे मोल कायद्याच्या पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईस आणून राजगृहात ठेवण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच निघालेली अफाट अंत्ययात्रा दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर पोहोचली. जुलै २०२० मध्ये या वास्तूची तोडफोड झाली, तेव्हा महाराष्ट्रभर उमटलेला संताप केवळ स्मारकाच्या अवमानाचा नव्हता. आपल्या वाट्याला अखेर आलेल्या एका हक्काच्या जागेवर घाव पडल्याची ती भावना होती. प्रतिवर्षी ६ डिसेंबरला दादरला येणारे लाखो लोक शिवाजी पार्कातील पुस्तकांच्या दुकानांपुढे दाटी करतात आणि पिशवीत पुस्तके घालून घरी परततात. ती पुस्तके ते कोठे बसून वाचणार, हा प्रश्न मात्र शंभर वर्षांनंतरही सुटलेला नाही.

गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, चाळींचा पुनर्विकास होऊ लागला. नव्या आराखड्यांत वाहनतळाची जागा मोजून ठेवलेली असते. मुलाने पुस्तक घेऊन बसावे अशी जागा क्वचितच आढळते. परीक्षेच्या दिवसांत बागेतील दिव्याखाली, मंदिराच्या ओवरीत किंवा पालिकेच्या शाळेतील अभ्यासिकेत बसणारी मुले आजही दिसतात, आणि त्यांच्या जिद्दीचे कौतुक करून समाज मोकळा होतो. डबक चाळीतील मुलानेही जिद्द दाखविली होती. पण तेवढ्यावर भागत असते, तर हाती चार पैसे येताच त्याने आपली मिळकत पुस्तकांच्या घरात घातली नसती. प्रत्येकाला राजगृह बांधता येणार नाही. म्हणूनच वाचनालय, बाग आणि अभ्यासिका यांची तरतूद आराखड्याच्या शेवटच्या पानावर नव्हे, तर पाणी आणि उजेडाच्या रांगेत झाली पाहिजे.