पाणबुडीतील श्वासांचा हिशेब

जुन्या आडात किंवा धान्याच्या पेवात उतरण्यापूर्वी दोराला कंदील बांधून आत सोडून पाहावा, ही गोष्ट पिंपळगाव बसवंतसारख्या शेतीच्या गावातील जुन्याजाणत्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. कंदील मालवला, तर माणसाने उतरायचे नाही. हवेहून जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहतो. त्याला रंग नाही आणि ओळखू यावा असा वासही नाही. पाण्याखालच्या लहानशा पाणबुडीत तर हा वायू आतल्या माणसांचा श्वासच निर्माण करीत असतो. या प्रश्नासाठी स्वतःचे शरीर पणाला लावणारे शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे नामांकित अभ्यासक. खाणींतील घातक वायूंचा शोध घेताना ते लहानग्या मुलालाही सोबत नेत. १९१५ मध्ये युद्धभूमीवर क्लोरीनचा मारा झाला, तेव्हा या पितापुत्रांनी तो वायू स्वतः हुंगून मुखवट्यांच्या चाचण्या घेतल्या. गणिताच्या आधारे आनुवंशिकतेचा आणि उत्क्रांतीचा मेळ घालणारे म्हणून हाल्डेन जगाला अधिक परिचित आहेत. पण त्यांच्या धाडसाची खरी ओळख पाण्याखालच्या कामात होते.

१ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात ‘थेटिस’ ही नवी ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली. गोदी कामगार आणि अन्य मंडळी धरून आत १०३ जण होते, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. साहजिकच हवाही दुप्पट वेगाने बिघडली. केवळ चौघे वाचले. कामगार संघटनांनी हाल्डेन यांना पाचारण केले. स्पेनच्या यादवी युद्धात लढलेल्या काही स्वयंसेवकांसह ते सीबी गोर्मन कंपनीच्या लोखंडी कोठीत तासन्‌तास कोंडून बसले. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सहा टक्क्यांच्या घरात गेले, तेव्हा धाप लागली, डोके फुटू लागले, विचार अडखळू लागले. त्यानंतर शुद्ध प्राणवायू घेताच ओकाऱ्या सुरू झाल्या. सुटकेसाठी प्राणवायूचा मुखवटा चढविणाऱ्या खलाशांवर ऐनवेळी कोणता प्रसंग ओढवला असेल, याचा उलगडा त्यातून झाला.

दुसऱ्या महायुद्धात तीन-चार जणांच्या चिमुकल्या पाणबुड्या तयार होऊ लागल्या. त्यांतील हवा शुद्ध करण्याच्या व्यवस्थेची परीक्षा घेण्यासाठी हाल्डेन व त्यांचे सहकारी मार्टिन केस दिवसाहून अधिक काळ अशा बंदिस्त जागेत राहिले. प्राणवायूची टाकी सोबत असली की झाले, हा समज येथे घातक ठरतो. शांत बसलेला माणूस तासाला सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चार घनमीटरच्या कोठडीत एकट्या माणसाच्या श्वासाने त्याचे प्रमाण तासाला अर्ध्या टक्क्याने वाढते, सहा तासांत तीन टक्के होते. प्राणवायू कितीही भरा, हा आकडा खाली येत नाही.

त्यासाठी वायू शोषणारा पदार्थ हवा. चुन्याच्या निवळीत फुंकर घातल्यावर ती दुधाळ होते, हा शाळेतला प्रयोग अनेकांना आठवत असेल. सोडा लाइम हे त्याच चुन्याचे दाणेदार रूप आहे. ते स्वस्त आहे, परंतु थंडीत मंदावते, आणि खोल पाणी थंडच असते. लिथियम हायड्रॉक्साइड तेवढ्याच वजनात अधिक वायू शोषते. मात्र ते महाग असून त्याची धूळ घशाला व डोळ्यांना झोंबते. लहान पाणबुडीत किलोकिलोचा हिशेब असल्याने ही निवड आजही सोपी नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या तीन आसनी ‘मत्स्य ६०००’ या यानात आणीबाणीच्या ९६ तासांची तरतूद ठेवली आहे, म्हणजे तितके तास शोषणही अखंड चालले पाहिजे.

दाबाखाली प्राणवायू घेण्याच्या एका प्रयोगात हाल्डेन यांना झटके आले आणि पाठीचे मणके दबले. ते दुखणे कायम राहिले. सुएझ प्रकरणातील ब्रिटनच्या भूमिकेचा निषेध म्हणून आपण देश सोडत असल्याचे जाहीर करून १९५७ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि १९६१ मध्ये त्यांनी येथील नागरिकत्व स्वीकारले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्वाधीन करण्यात आला.