खाशाबा जाधव : दोन काळांतील एक कुस्ती

जुन्या काळचा मल्ल आणि आजचा मल्ल यांची गाठ पडली असती, तर पाठ कोणाची लागली असती, हा कुस्तीच्या फडाभोवती बसणाऱ्यांचा आवडता वाद. मुष्टियुद्धाचे रसिकही वेल्सचा जिमी वाइल्ड सरस की अर्जेंटिनाचा पास्कुआल पेरेझ, असे कल्पित सामने रंगवतात. हाच पेरेझ १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाच्या फ्लायवेट गटात सुवर्णपदक जिंकला. त्याच स्पर्धेत, कुस्तीच्या फ्लायवेट गटात, एक मराठी मल्ल उतरला होता. त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील स्वतः मल्ल होते. पाच भावंडांत धाकट्या असलेल्या या मुलाला मातीची ओळख घरातच झाली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. अंगकाठी लहान, पण चपळाई विलक्षण. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यामुळे ते लंडनला पोहोचले. लाल मातीत घडलेल्या या मल्लाने तेथे गादीवरच्या कुस्तीत ५२ किलो गटात सहावे स्थान मिळवले.

चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे, तर पैसा नव्हता. खाशाबांनी गावोगावी वर्गणी मागितली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. या वेळी खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानच्या शोहाची इशीने आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हने मात्र त्यांना रोखले. एक दीर्घ लढत संपते न संपते तोच त्यांना पुढच्या लढतीसाठी बोलावण्यात आले. नियमाने मिळणारी विश्रांती मागण्यासाठी भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. तरीही कांस्यपदक हाती आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

ते वर्ष १९५२. बिदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हे जिल्हे तेव्हा हैदराबाद राज्यात होते, कराड मुंबई राज्यात होते आणि गोवा पोर्तुगीज सत्तेखाली होता. भालकी, आळंद, कराड आणि पणजी येथील मराठी माणसे तीन निरनिराळ्या राजवटींत विभागलेली असताना हे पदक आले. कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यातून आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.

आता तो कल्पित सामना. २०२४ मध्ये पॅरिसला अमन सेहरावतने याच ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. उपान्त्य फेरीत त्याला हरवणारा रेई हिगुची पुढे सुवर्णपदक जिंकला. हेलसिंकीचे सुवर्णही जपानच्याच इशीने नेले होते. साम्य एवढेच. कांस्यपदकाच्या लढतीआधी अमनने सुमारे दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवले. त्याच्यामागे प्रशिक्षक आणि वैद्यकीय पथक रात्रभर जागे होते. खाशाबा मात्र ५२ किलोच्या गटातून वर चढून ५७ मध्ये आले होते. म्हणजे गट एकच, पण मूळ देह वेगळे. सहा मिनिटांच्या, गुण मोजणाऱ्या आजच्या कुस्तीत अमनचे पारडे जड ठरेल. लांबलेल्या लढतीत, दम आणि डाव यांची कसोटी लागली, तर खाशाबांना हरवणे कठीण जाईल. निकाल मल्लांइतकाच नियमांवर ठरेल.

खऱ्या आयुष्यात खाशाबांची झुंज मल्लांपेक्षा अभावाशी अधिक झाली. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न हुकले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांना पद्म पुरस्कार मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० साली. त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडावे लागले. ते टेनिसपटू लिएंडर पेसचे.

दोन काळांच्या मल्लांची तुलना करायची, तर आधी दोघांना सारखेच अन्न, सारखीच विश्रांती आणि सारखाच पाठीराखा द्यावा लागतो. अमनला जे मिळाले, ते खाशाबांना मिळाले असते, तर हेलसिंकीच्या पदकाचा रंग कोणता असता, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कोणत्याही आखाड्यात मिळणार नाही. मात्र आज खेडोपाडी मातीत घुमणाऱ्या पोरांना वेळेवर खुराक, गादी आणि प्रवासखर्च मिळाला, तर तो प्रश्न पुन्हा कुणाविषयी विचारावा लागणार नाही.